सागरी शेवाळ खायचं कसं, कोणतं आणि किती: ग्रॅमच्या हिशेबाने

नोरीचा एक कागद चिमट्यात धरून मंद आचेवर दोन-तीन सेकंद फिरवा. जांभळट काळा कागद बघता बघता हिरवा होतो, कडा किंचित आक्रसतात आणि समुद्रावरच्या वाऱ्यासारखा खमंग, खारट वास सुटतो. हा हिरवा रंग बाहेरून येत नाही, आधीपासून तिथेच असतो. नोरी ज्या शेवाळापासून बनते ते लाल गटातलं. त्यातलं तांबडं रंगद्रव्य उष्णतेने विरतं आणि त्याच्यामागे दडलेलं हरितद्रव्य दिसायला लागतं. सागरी शेवाळाशी ओळख करून घ्यायची असेल तर मी सगळ्यांना इथूनच सुरुवात करायला सांगते, कारण रंगावरून गट कळतो आणि गटावरून काय जपायचं ते कळतं.

हे मला चुकीतून कळलं. शेवाळ आरोग्याला चांगलं एवढंच वाचून मी रोज सकाळी कोंबूचं गरम सूप प्यायला लागले. कोंबू म्हणजे जाड, तपकिरी पट्ट्यांचं शेवाळ. चव आवडली, पोट हलकं वाटायचं, म्हणून सलग तीन महिने चालवलं. मग थकवा जाईना, इतरांना उकडत असताना मला थंडी वाजायची, खाणं तेवढंच असून वजन वाढलं. रक्त तपासलं तर टीएसएच, म्हणजे गळ्यातली थायरॉइड ग्रंथी मंदावली की वाढणारं संप्रेरक, वाढलेलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "अलीकडे खाण्यात नवीन काय आलंय?" पाकीट काढून पाहिलं, त्यावर उष्मांक, प्रथिनं, मीठ सगळं छापलेलं, आयोडीनचा आकडा मात्र कुठेच नव्हता. कोंबू बंद केला आणि दोनेक महिन्यांत टीएसएच पूर्ववत झालं. शेवाळ मी आजही खाते, आवडीने खाते. पण आता तागडीवर तोलून.

म्हणून हा लेख. शेवाळ हा ग्रॅममध्ये मोजायचा पदार्थ आहे. पालेभाजीसारखा वाटी भरून घ्यायचा नाही आणि औषधासारखा घाबरून टाळायचाही नाही. कोणतं शेवाळ, किती ग्रॅम आणि ते भिजवलेलं पाणी कुठे गेलं, एवढं सांभाळलं की त्याचे फायदे निर्धास्तपणे घेता येतात.

पायरी पहिली: गट ओळखा

खाण्याच्या सागरी शेवाळाचे तीन गट आहेत: तपकिरी, लाल आणि हिरवं.

तपकिरी गटात कोंबू, वाकामे, हिजिकी, आरामे. केल्प हे या गटातल्या मोठ्या शेवाळांचं इंग्रजी नाव, आणि कोंबू हा केल्पचाच प्रकार. आयोडीन सर्वांत जास्त याच गटात सापडतं.

लाल गटात नोरी आणि डल्स. अगर-अगर, म्हणजे आपण ज्याला चायना ग्रास म्हणतो, ते जेलिडियम आणि ग्रॅसिलारिया या लाल शेवाळांपासून काढतात. आइसक्रीम आणि चॉकलेट दुधात दाटपणासाठी घालतात ते कॅराजीननही लाल शेवाळाचंच.

हिरव्या गटात अल्वा. पातळ, पोपटी, लेट्यूसच्या पानासारखं दिसणारं, म्हणून त्याला समुद्री लेट्यूस म्हणतात. सागरी द्राक्षं म्हणून मिळणारं, हिरव्या मण्यांच्या घोसासारखं शेवाळही याच गटातलं.

स्पिरुलिना मात्र या कुटुंबातली नाही. ती सूक्ष्म नीलहरित जीवाणूंची भुकटी आहे, आणि सागरी शेवाळाचे गुण-दोष तिला लागू होत नाहीत. दुकानात दोन्ही एकाच फळीवर ठेवलेली असतात, त्यामुळे गल्लत होते.

पायरी दुसरी: फायदा नेमका कशाचा, ते समजून घ्या

सुरुवात आयोडीनपासूनच करावी लागते, कारण या मूलद्रव्याचा शोधच शेवाळात लागला. १८११ साली फ्रान्समध्ये बर्नार्ड कुर्त्वा बंदुकीच्या दारूसाठी लागणारा सोरा तयार करत होता. त्यासाठी तो सागरी शेवाळाची राख वापरायचा. एकदा राखेच्या अर्कात गंधकाम्ल जरा जास्त पडलं आणि भांड्यातून जांभळी वाफ उठली. वाफ थंड पृष्ठभागावर बसून तिचे काळे चकचकीत स्फटिक झाले. जांभळ्या रंगासाठीच्या ग्रीक शब्दावरून त्याला आयोडीन नाव पडलं. १८२० साली जिनिव्हाच्या जाँ-फ्रांस्वा क्वांदे या डॉक्टरने गलगंडावर आयोडीन वापरायला सुरुवात केली.

शरीराला आयोडीन लागतं ते थायरॉइड संप्रेरकांसाठी. टी-४ च्या एका रेणूत आयोडीनचे ४ अणू असतात, टी-३ मध्ये ३. ही नावंच त्यावरून पडली आहेत. ही संप्रेरकं शरीराच्या चयापचयाचा वेग ठरवतात आणि गर्भातल्या बाळाच्या मेंदूची वाढ त्यांच्यावर अवलंबून असते. प्रौढ माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं. गरोदर आणि स्तनदा स्त्रियांसाठी जागतिक आरोग्य संघटना २५० मायक्रोग्रॅम सांगते. १५० मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा सुमारे साडेसहा हजारावा हिस्सा. इतकी कमी गरज असूनही ती भागत नाही असे लोक आहेत: आयोडीनयुक्त मीठ न वापरणारे, आणि मासे, दूध, अंडी यांतलं काहीच न खाणारे. पूर्ण वनस्पतिजन्य आहार घेणाऱ्यांसाठी नोरीसारखं शेवाळ खरोखर उपयोगाचं ठरतं ते इथे.

दुसरा फायदा तंतूंचा, आणि माझ्या मते याच्याकडे लोकांचं पुरेसं लक्ष नाही. जमिनीवरच्या भाज्यांत मुख्यतः सेल्युलोज असतं. शेवाळात वेगळेच तंतू असतात: तपकिरीत अल्जिनेट, फ्युकॉइडन आणि लॅमिनॅरिन, लालमध्ये अगर, कॅराजीनन आणि पॉर्फिरॅन. पाण्यात ते फुगतात, बुळबुळीत होतात, जठरातलं अन्न सावकाश पुढे सरकतं आणि मल मऊ राहतो. आपली पाचकद्रव्यं त्यांना हात लावू शकत नाहीत. अगर तर बहुतेक जीवाणूंनाही पचत नाही. या गुणामुळे १८८१ च्या सुमारास जीवाणूंवर काम करणाऱ्या वाल्टर हेस यांच्या पत्नी फॅनी हेस यांनी प्रयोगशाळेत जीवाणू वाढवायला अगर वापरून पाहा असं सुचवलं. स्वयंपाकघरात जेली करताना त्यांनी ते वापरलेलं होतं. त्याआधी वापरायचे ते जिलेटिन उष्णतेने पातळ व्हायचं, शिवाय काही जीवाणू ते खाऊनही टाकायचे. जर्मन जीवाणूशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत अगर पोचलं आणि तिथून जगभर गेलं.

इथे एक सुरस गोष्ट आहे. २०१० साली शास्त्रज्ञांना असं आढळलं की जपानी लोकांच्या आतड्यातल्या एका जीवाणूकडे नोरीतलं पॉर्फिरॅन तोडणारं विकर आहे. त्याचं जनुक मूळचं समुद्रातल्या, शेवाळावर राहणाऱ्या जीवाणूचं. पिढ्यान् पिढ्या शेवाळ खाताना ते आतड्यातल्या जीवाणूंकडे आलं असावं. उत्तर अमेरिकेतल्या ज्या लोकांशी तुलना केली, त्यांच्यात ते सापडलं नाही. म्हणजे एकच शेवाळ सगळ्यांना सारखं पचत नाही. नव्याने खायला लागणाऱ्याला पहिले काही दिवस गॅस झाले, पोट गुडगुडलं तर घाबरू नका. प्रमाण निम्मं करा आणि हळूहळू वाढवा.

तिसरा फायदा मिठाचा आहे, आणि तो चवीच्या वाटेने येतो. १९०८ साली टोकियोत किकुनाए इकेदा यांनी कोंबूच्या रश्शातून ग्लुटामेट वेगळं केलं आणि त्या चवीला उमामी म्हटलं. भरलेली, तोंडात रेंगाळणारी ही चव असली की मीठ कमी पडलेलं जाणवत नाही. सूपात वा भातावर नोरीचा चुरा घातला की मी मीठ जवळपास निम्म्याने कमी करते आणि घरात कोणाच्या लक्षात येत नाही. ज्यांना रक्तदाबासाठी मीठ कमी करायला सांगितलं आहे त्यांनी हे नक्की करून पाहावं. फक्त शेवाळाच्या स्वतःच्या मिठाचा हिशेब धरायला विसरू नका.

जीवनसत्त्व बी-१२ नोरीत असतं, आणि वनस्पतिजन्य म्हणून खाल्ल्या जाणाऱ्या मोजक्याच पदार्थांत ते सापडतं. तरीही वीगन व्यक्तीने केवळ नोरीच्या भरवशावर राहू नये असं माझं ठाम मत आहे. बी-१२ ची कमतरता मज्जातंतूंवर येते आणि नुकसान कधी कधी कायमचं राहतं. रक्त तपासा, गोळी चालू ठेवा, नोरी वरची भर समजा. स्पिरुलिनातलं बी-१२ तर मुख्यतः असं रूप आहे जे माणसाच्या शरीराला वापरताच येत नाही.

हृदयाचं काय? जपानमध्ये ४० ते ६९ वयाच्या ८० हजारांहून जास्त लोकांचा सुमारे २० वर्षं मागोवा घेतला गेला. जवळजवळ रोज शेवाळ खाणाऱ्यांत हृदयाला रक्त कमी पडण्याचे आजार कमी आढळले. उमेद वाटावी असा हा निष्कर्ष आहे. पण रोज शेवाळ खाणारा माणूस मासे, सोयाबीन, भाज्याही जास्त खात असू शकतो, आणि असा परिणाम आकडेमोडीतून पूर्णपणे वेगळा काढता येत नाही. त्याच देशातल्या दुसऱ्या पाहणीत रोज शेवाळ खाणाऱ्या, पाळी थांबलेल्या स्त्रियांत थायरॉइडच्या एका प्रकारच्या कर्करोगाचं प्रमाण जास्त दिसलं. दोन्ही निष्कर्ष शेजारी ठेवूनच वाचायला हवेत.

आता ज्यावर विश्वास ठेवू नये ते. "शेवाळात दुधाच्या कितीतरी पट कॅल्शियम" हे वाक्य तुम्ही वाचलं असेल. १०० ग्रॅम सुक्या वाकामेचा आकडा घेतला तर ते खरंही आहे. पण ताटात सुकं वाकामे येतं २ ग्रॅम, आणि दूध पेलाभर. नोरीच्या प्रथिनांचंही तसंच: सुक्या वजनाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त प्रथिनं, पण एका कागदाचं वजन जेमतेम ३ ग्रॅम, म्हणजे हाती येतं एक ग्रॅमभर. १०० ग्रॅमचे तक्ते शेवाळाच्या बाबतीत फसवे असतात. "सी मॉसमध्ये (हे एक लाल शेवाळ) शरीराला लागणारी ९२ खनिजं असतात" हा दावा तर मुळातच चुकीचा आहे, कारण शरीराला तेवढी खनिजं लागतच नाहीत. फ्युकॉइडनने कर्करोग बरा होतो, तपकिरी शेवाळातल्या फ्युकोझँथिन या रंगद्रव्याने चरबी वितळते, हेही दावे बहुतांशी काचपात्रातल्या पेशी आणि उंदीर यांच्यावरच्या प्रयोगांतून आलेले आहेत. कोणाचे उपचार चालू असतील तर अशा भुकट्यांसाठी ते थांबवू नका.

पायरी तिसरी: आधी स्वतःची तब्येत तपासा

थायरॉइडचा कोणताही त्रास असेल, मग तो ग्रंथी मंदावणारा हाशिमोटो असो, ती अतिसक्रिय करणारा ग्रेव्हज असो, गाठ असो वा पूर्वी झालेली शस्त्रक्रिया, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तपकिरी शेवाळ खाऊ नका. कारण समजून घ्या. एकदम खूप आयोडीन आलं की थायरॉइड ग्रंथी स्वतःच संप्रेरक बनवणं काही काळ थांबवते. १९४८ साली वुल्फ आणि चायकॉफ यांनी हे दाखवलं. निरोगी ग्रंथी काही दिवसांत यातून सावरते. आधीच दुखावलेली ग्रंथी त्या बंद अवस्थेतच अडकू शकते. उलट काहींच्या ग्रंथीत, विशेषतः जुन्या गाठी असल्या तर, संप्रेरक बेसुमार तयार व्हायला लागतं. म्हणजे आयोडीन कमी पडलं तरी गलगंड आणि जास्त झालं तरी गलगंड. जपानच्या होक्काइडो किनाऱ्यावर भरपूर कोंबू खाणाऱ्या लोकांत असा गलगंड १९६० च्या दशकातच नोंदवला गेला.

गरोदर आणि स्तनदा स्त्रिया आणि लहान मुलं यांच्यासाठी ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या अन्नसुरक्षा यंत्रणेचा सल्ला असा आहे की तपकिरी शेवाळ आठवड्यातून एका वाढणीपेक्षा जास्त नको. मी तर म्हणेन, त्या काळात कोंबू सरळ बाजूला ठेवा आणि नोरीपुरतंच राहा. आईने घेतलेलं जादा आयोडीन दुधातून बाळाकडे जातं आणि बाळाची ग्रंथी फार नाजूक असते.

वॉर्फरिन घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवायचं ते जीवनसत्त्व के. ते शेवाळात बरंच असतं आणि रक्त पातळ ठेवण्याच्या औषधाचा परिणाम कमी करतं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर पोटॅशियमचा प्रश्न येतो. कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी असेल तर पाकिटावरची सूचना वाचा, कारण शेवाळासोबत छोटे कवचधारी जीव जाळ्यात येतात आणि त्यांचा अंश मागे राहू शकतो.

पायरी चौथी: विकत घेताना

पाकिटावर शेवाळाचं नेमकं नाव आहे का ते आधी बघा. नुसतं "समुद्री भाजी" किंवा "मिश्र शेवाळ" लिहिलेलं पाकीट मी परत ठेवते, कारण त्यात किती कोंबू आहे ते कळायला मार्ग नसतो. आयोडीनचा आकडा छापणारा उत्पादक मिळाला तर त्याला पहिली पसंती द्या. जड धातूंची तपासणी केल्याचा उल्लेख असेल तर आणखी चांगलं, कारण शेवाळ ज्या पाण्यात वाढतं त्यातलं आर्सेनिक, कॅडमियम, शिसं शोषून घेतं.

हिजिकी घेऊ नका. काळ्या, बारीक, चहापत्तीसारख्या काड्यांच्या या शेवाळात असेंद्रिय आर्सेनिक, म्हणजे आर्सेनिकचं घातक रूप, मोठ्या प्रमाणात सापडलं. कॅनडाने २००१ साली आणि ब्रिटनने २००४ साली ते न खाण्याचा सल्ला दिला. इतर शेवाळांतलं आर्सेनिक बहुतांशी सेंद्रिय रूपात असतं आणि ते त्यामानाने पुष्कळ कमी घातक.

केल्पच्या गोळ्या आणि भुकट्याही टाळा. त्यातलं आयोडीन शेवाळाच्या जातीप्रमाणे, हंगामाप्रमाणे बदलतं, आणि कॅप्सूल गिळताना जिभेला काहीच कळत नाही.

चांगली नोरी काळपट, चकचकीत असते, उजेडाकडे धरली तर एकसारखी विणलेली दिसते आणि दुमडली की कट्कन तुटते. तांबूस, निस्तेज, चामड्यासारखी वाकणारी नोरी जुनी किंवा ओल लागलेली. तेल-मीठ लावलेले छोटे कुरकुरीत तुकडे चवीला छान लागतात, पण साधी भाजलेली नोरी घेऊन घरी चव दिलेली बरी. कोंबूवर पांढरा भुकटीसारखा थर दिसला तर ती बुरशी समजून टाकू नका. तो मॅनिटॉल, शेवाळाचाच गोडसर घटक. केसाळ, हिरवट, कुबट वासाचा थर असेल तरच बुरशी.

किनाऱ्यावरून स्वतः गोळा करायचा विचार असेल, तर वाळूवर वाहून आलेलं कधीच उचलू नका. ते कुजायला लागलेलं असतं. सांडपाणी, बंदर, कारखाना यांच्या जवळचं पाणी वर्ज्य. खडकाला धरलेलं शेवाळ कात्रीने वरूनच कापायचं, मूळ तसंच ठेवायचं, म्हणजे ते पुन्हा वाढतं. आणि जात निश्चित ओळखता येत नसेल तर खाऊ नका. ग्रॅसिलारिया प्रक्रिया न करता कच्चं खाल्ल्याने जपानमध्ये मृत्यू झाले आहेत.

पायरी पाचवी: तोला

ग्रॅम दाखवणारी स्वयंपाकाची तागडी लागेलच. खालचे आकडे सुक्या शेवाळाचे आहेत आणि त्यात बरीच चढउतार असते, हे धरून चाला.

नोरीत ग्रॅमला साधारण १६ ते ४० मायक्रोग्रॅम आयोडीन असतं. पूर्ण आकाराचा एक कागद २.५ ते ३ ग्रॅमचा. म्हणजे एका कागदातून दिवसाच्या गरजेच्या पाव हिश्श्याहून थोडं जास्त ते चार-पंचमांशापर्यंत मिळतं. वाकामेत नोरीच्या काही पट आयोडीन असतं. कोंबूत ग्रॅमला दीड-दोन हजार मायक्रोग्रॅम सहज सापडतं, काही नमुन्यांत त्याच्याही कितीतरी वर.

याच्या समोर वरची मर्यादा ठेवा: प्रौढांसाठी अमेरिकेत दिवसाला ११०० मायक्रोग्रॅम मानतात, युरोपात ६००. कोंबूचा पोस्टाच्या मोठ्या तिकिटाएवढा, एक ग्रॅमचा तुकडा ही सीमा एकट्यानेच ओलांडतो. माझ्या सकाळच्या सूपात मी १० ग्रॅम टाकत होते.

निरोगी प्रौढ माणसासाठी मी पाळते ते प्रमाण असं: नोरीचा एक कागद, आठवड्यातून तीन-चार दिवस. सुकं वाकामे २ ग्रॅम, आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा, आणि त्या दिवशी नोरी नाही. कोंबू महिन्यातून एकदा, तेही चार जणांच्या भांड्यात लहानसा तुकडा. आयोडीनयुक्त मीठ, मासे, दूध हे सगळं तुमच्या जेवणात आधीच असेल तर याहूनही कमी पुरे. सुरुवातीचे दोन आठवडे नुसती नोरी घ्या, तीही अर्धा कागद.

पायरी सहावी: स्वयंपाकघरात

नोरी सर्वांत सोपी. सुरुवातीला सांगितल्याप्रमाणे शेकून घ्या, हाताने चुरा, तीळ भाजून त्यात मिसळा आणि बरणीत भरून ठेवा. भात, अंडं, सूप, उकडलेला बटाटा, कशावरही चमचाभर. चुरा नेहमी शेवटी घाला. आधी घातला तर वाफेने लगेच चिवट होतो.

वाकामे गार पाण्यात पाच मिनिटं भिजवा. २ ग्रॅम म्हणजे चमचाभर काळे, सुरकुतलेले तुकडे. बघता बघता ते उलगडतात, दहापट फुगतात आणि वाटीभर हिरवी, रेशमी पानं तयार होतात. सुकं असताना "एवढ्याने काय होणार" असं वाटून मूठभर टाकलं जातं, तिथेच हात आवरा. भिजवलेलं पाणी फेका; मीठ आणि थोडं आयोडीन त्यासोबत जातं. पानं पिळून काकडी, लिंबाचा रस आणि तिळाचं तेल घालून कोशिंबीर करा, किंवा आच बंद केल्यावर सूपात सोडा. उकळत ठेवलं तर लिबलिबीत होतं. मीठ लावलेलं ओलं वाकामे आणलं असेल तर दोन पाण्यांतून धुवून मग भिजवा.

कोंबूबाबत सगळ्यात मोठा गैरसमज असा की रस्सा काढून तुकडा फेकला म्हणजे आयोडीन गेलं. नेमकं उलटं होतं. आयोडीन पाण्यात उतरतं. कोंबू पंधरा मिनिटं उकळला तर त्यातलं ९९ टक्क्यांपर्यंत आयोडीन पाण्यात जाऊ शकतं. म्हणून रस्सा हवा असेल तर तो कमी प्या, आणि कोंबूच खायचा असेल तर उकळलेलं पाणी ओतून द्या. रश्शासाठी माझी पद्धत: ओल्या फडक्याने तुकडा हलकेच पुसायचा, धुवायचा नाही, नाहीतर पांढऱ्या थरातली चव निघून जाते. लिटरभर गार पाण्यात २ ग्रॅम कोंबू अर्धा तास ठेवायचा. मग मंद आचेवर, भांड्याच्या तळाशी बारीक बुडबुडे दिसेपर्यंत, म्हणजे साधारण ६० अंशांपर्यंत तापवायचा आणि उकळी फुटण्याआधी तुकडा बाहेर काढायचा. उकळला तर रस्सा चिकट आणि कडवट होतो. पारंपरिक जपानी रश्शात लिटरला १० ग्रॅमच्या आसपास घालतात. २ ग्रॅमचा रस्सा फिका असतो, म्हणून त्यात सुक्या मशरूमची जोड देते. मशरूममध्ये उमामीचा दुसरा घटक असतो आणि दोन्ही मिळून चव कितीतरी पट वाढते.

अगर-अगर तंतूंसाठी उत्तम. तयार करताना बहुतेक क्षार धुऊन निघालेले असतात, त्यामुळे थायरॉइडची चिंता असलेल्यांनाही ते सहसा सोसतं. एक कप पाणी किंवा फळांच्या रसाला एक लहान चमचा भुकटी, गार असतानाच मिसळून दोन मिनिटं चांगली उकळवायची. साधारण ८५ अंशांच्या खाली अगर विरघळत नाही, नुसतं कोमट केलं तर कणी राहते. गार होताना ३५-४० अंशांवर ते गोठतं आणि मग खोलीच्या तापमानाला वितळत नाही. आंबट रसाला भुकटी किंचित जास्त लागते. ताजं अननस घातल्यावर जिलेटिनची जेली बसत नाही, अगरची मात्र छान बसते, कारण अननसातलं विकर प्रथिनं तोडतं आणि अगर हे प्रथिन नाही. कोरडी भुकटी कधीही चमच्याने तोंडात टाकू नका. घशात किंवा अन्ननलिकेत फुगून अडकते.

डल्स तव्यावर थेंबभर तेलात मिनिटभर परतलं की कुरकुरीत होतं, एवढंच सांगण्यासारखं. आयोडीन नोरीपेक्षा जास्त, म्हणून चिमूटभर.

साठवणीत शत्रू एकच, ओल. हवाबंद डबा, आत पाकिटातली सिलिका जेलची पुडी, आणि ओला हात डब्यात नको. पाकीट फोडल्याची तारीख झाकणावर लिहा. नोरी मऊ पडली तर पुन्हा शेकून चालते. कोंबू कोरडा राहिला तर वर्षभरही टिकतो.

पायरी सातवी: शरीराकडे लक्ष ठेवा

पहिला महिना एका वहीत तीन गोष्टी लिहा: कोणतं शेवाळ, किती ग्रॅम, पोट कसं होतं. नियमित खायला सुरुवात करण्याआधी एकदा टीएसएच तपासून घेतलं आणि तीन महिन्यांनी पुन्हा पाहिलं, तर तुलनेला हातात आकडा असतो. माझ्याकडे तो नव्हता, त्यामुळे बिघाड नक्की कधी सुरू झाला ते आजही सांगता येत नाही.

कारण नसताना थकवा, थंडी न सोसणं, त्वचा कोरडी पडणं, वजन वाढणं, मानेच्या पुढच्या बाजूला भरल्यासारखं वाटणं; किंवा याच्या उलट छातीत धडधड, हात थरथरणं, घाम, वजन उतरणं. यांतलं काही जाणवलं तर त्या दिवसापासून शेवाळ थांबवा आणि तपासणी करा. डॉक्टरांकडे जाताना वही आणि शेवाळाचं पाकीट, दोन्ही सोबत न्या. "थोडंसं समुद्री काहीतरी खाते" एवढ्याने त्यांना काही कळत नाही. कोंबू, वाकामे की नोरी आणि दिवसाला किती ग्रॅम हे सांगितलं, तर पुढच्या तपासण्या कोणत्या करायच्या ते त्यांना लगेच ठरवता येतं.